दुर्गाबाईचं शेवटचं वाक्य

एस्तेरआत्यानं आमच्या ऑफिसात पाऊल टाकलं आणि पहिलं काम काय केलं, तर दोन ट्यूबलाइट बंद केल्या.

"एवढ्या उजेडात काय ऑपरेशन करताय का?" तिनं समोर उभ्या असलेल्या अद्वैतला विचारलं.

अद्वैत रानडे आमच्या कंपनीचा मालक. तिशीही न गाठलेला, केसांचा बुचडा बांधणारा आणि अनवाणी फिरणारा. त्यानं हात जोडून "नमस्कार आजी" म्हटलं, तर आत्यानं त्याला पायांपासून बुचड्यापर्यंत न्याहाळलं.

"आजी कोणाला म्हणतोस? मी मेट्रन होते. मेट्रन म्हणायचं. आणि पायात काहीतरी घाल."

त्या दिवसापासून सगळं ऑफिस तिला मेट्रन म्हणू लागलं. अद्वैत चपला घालू लागला आणि खुर्चीत ताठ बसू लागला. पैसे गुंतवायला आलेल्या लोकांसमोरसुद्धा तो असा कधी बसला नव्हता.

आम्ही मोबाइलवरचे गेम बनवायचो. कर्वेनगरातल्या एका इमारतीत, पिठाच्या गिरणीच्या बरोबर वर. त्या वर्षी एका परदेशी कंपनीनं आम्हाला नाताळासाठी गेम बनवायला सांगितला होता. नाताळच्या आदल्या रात्री एका कंजूष म्हाताऱ्याकडे तीन भुतं येतात, एक त्याला गेलेले दिवस दाखवतं, दुसरं चालू आणि तिसरं पुढचे, आणि सकाळपर्यंत म्हातारा सुधारतो, ही जुनी इंग्रजी गोष्ट घ्यायची आणि तिला नवं रूप द्यायचं. खेळणाऱ्यानं त्या कंजुषाच्या घरात फिरायचं, भुतं दाखवतील ती दारं उघडायची आणि शेवटी घराचं मुख्य दार उघडून शेजाऱ्यांना शुभेच्छा द्यायच्या.

ऑफिसात ख्रिस्ती मी एकटीच, जेमिमा उजागरे. त्यामुळे नाताळातली जाणकार म्हणून माझी नेमणूक झाली. अद्वैत मला विचारायचा, चिमणी कुठल्या विटांची असते, टर्की कशी कापतात, बर्फात पाऊल किती रुततं. मी नगरची. आमच्याकडे नाताळात करंज्या, चकल्या आणि मटण असतं आणि डिसेंबरातसुद्धा दुपारी रस्त्यावरचं डांबर पायाला भाजतं. मी हे सांगितलं की तो नाराज व्हायचा. मी माझं ख्रिस्तीपण नीट वापरत नाही असं त्याला वाटत असावं.

शेवटी बर्फ रद्द झाला. गोष्ट आपल्याकडच्या एका गावात आणायचं ठरलं. मग कंजुषाच्या आवाजाचा शोध सुरू झाला. नाटकातले एकाहून एक नट येऊन गेले. प्रत्येकजण आधी खलनायकासारखा हसून दाखवायचा आणि मग वाक्य म्हणायचा. अद्वैत वैतागून बसला होता, तेवढ्यात मला आत्याचा फोन आला. माझे हात कामात होते, म्हणून मी स्पीकर लावला. तिकडून आत्या मला बोलू लागली, की मागच्या वेळी तू आलीस तेव्हा अर्धी काडेपेटी संपवून गेलीस, पुण्यात काय एकेका भांड्याला वेगळी काडी लावतात का. अद्वैत खुर्चीवरून उठला आणि फोनकडे बोट दाखवून म्हणाला, "हीच ती."

अशा रीतीनं म्हाताऱ्याची म्हातारी झाली. अद्वैतनं तिचं नाव दुर्गाबाई ठेवलं.

आत्या माझ्या वडलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. सगळी हयात मिशनच्या दवाखान्यात काढली आणि मेट्रन होऊन निवृत्त झाली. कंजूषपणाबद्दल नगरमध्ये तिचं नाव होतं. ती टूथपेस्टची नळी कात्रीनं उभी चिरायची. भेटीवरचा रंगीत कागद इस्त्री करून ठेवायची आणि पुढच्या लग्नात तोच द्यायची, कधीकधी त्याच घरात. पण शेजारीपाजारी कुणी आजारी पडलं की रात्रभर उशाशी बसणारीही तीच. फक्त ते लोकांच्या लक्षात राहायचं नाही, नळी राहायची.

मी कॉलेजची वर्षं तिच्याकडे काढली. वर्षातला एकच दिवस मला तिची भीती वाटायची, तो म्हणजे आमच्या गल्लीत कॅरल पार्टी यायची तो. नाताळच्या आधी चर्चची मंडळी ढोलकी-पेटी घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरतात. ज्याच्या दारात येतील त्यानं त्यांना बसवायचं, चहाफराळ द्यायचा. ज्या घरी गेले नाहीत, त्या घराचा वर्षभर अपमान. त्या संध्याकाळी आत्या घरातले सगळे दिवे मालवायची आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात अंधारात बसायचो. ढोलकी जवळ यायची, शेजारच्या पाटोळ्यांकडे रंगायची आणि आमच्या दारावरून पुढे निघून जायची. असं का, हे मी एकदाच विचारलं. "मला गोंगाट सोसत नाही," म्हणाली. पण अंधारातसुद्धा मला कळायचं, की ती प्रत्येक गाणं ओठांत म्हणतेय. मला ते फार लागायचं. आत्यानं एकदा, मरायच्या आत एकदा तरी, ते दार उघडावं असं मला मनापासून वाटायचं. मी पुण्याला आल्यावर तर ती तिथे एकटीच बसत असणार.

रेकॉर्डिंग फक्त दुपारी करता यायचं, खालची गिरणी जेवायला बंद असायची तेव्हा. काचेच्या अलीकडे मी आणि अद्वैत, पलीकडच्या छोट्या खोलीत आत्या. भिंतींना लावलेला स्पंज बघून तिनं विचारलं, की गाद्या भिंतीला लावल्या तर माणसं झोपणार कशावर. मग चष्मा चढवून तिनं सगळे कागद वाचून काढले आणि शंका मांडल्या. दुर्गाबाई नाव असलेली बाई नाताळ कशाला करेल? पहिलं भूत इतक्या लांबून येतं, तर ही त्याला साधं बस म्हणत नाही, पाणी विचारत नाही, ही कुठली रीत? कंजूष झाली म्हणून काय झालं, पाणी तर फुकट असतं. आणि भुताला बघून ती किंचाळते का?

"तिला भीती वाटते, मेट्रन," अद्वैत नम्रपणे म्हणाला.

"मेलेल्या माणसांच्या अंगावर मी आयुष्यभर चादरी ओढल्या. एकही उठून मला उपदेश करायला आलं नाही. आलं असतं तर मीच विचारलं असतं, गोळ्या वेळेवर का घेतल्या नाहीत म्हणून."

अद्वैतनं ते तसंच्या तसं ठेवलं. आमच्या गेममध्ये तिन्ही भुतं दुर्गाबाईचा ओरडा खातात. पहिल्याला ती पाय पुसून आत यायला लावते. दुसऱ्याच्या हातातली मशाल घरात दिवा असताना कशाला जाळतोस म्हणून विझवते. तिसरं भूत नुसतं बोट दाखवतं, काही बोलत नाही. त्याला ती नखं कापायला सांगते. काम झरझर होत होतं. ऑफिसातली पोरं डबे घेऊन काचेपाशी येऊन बसायची.

अडलं ते शेवटच्या वाक्याला. दुर्गाबाई सुधारते, दार उघडते आणि म्हणते, "नाताळच्या शुभेच्छा." एवढंच.

आत्यानं कागद खाली ठेवला. "हे मी म्हणणार नाही."

अद्वैतनं समजावलं, मी समजावलं. अद्वैत म्हणाला की सगळा गेम त्या वाक्यासाठी आहे, त्याच्याशिवाय परदेशी कंपनी गेम घेणारच नाही.

"कुणाला म्हणू?" आत्या म्हणाली. "समोर कोण आहे? स्पंजाला शुभेच्छा देऊ?"

त्या दिवशी गिरणी सुरू झाली आणि काम थांबलं. आत्या माझ्याच खोलीवर राहत होती. संध्याकाळी भाजी निवडताना मी तिला पुन्हा छेडलं, तर तिनं मेथीच्या काड्याही टाकायच्या नसतात यावर मला बराच वेळ बोलून घेतलं. विषय बदलायची तिची ती पद्धत होती.

दुसऱ्या दिवशी अद्वैतच्या डोक्यात आलं, की मेट्रनना समोर माणसं हवीत ना, तर आणू. तसंही दुर्गाबाईच्या दारात गाणाऱ्यांचा आवाज हवाच होता. सुरुवातीला ती त्यांना हाकलते आणि शेवटी दार उघडते, दोन्ही प्रसंग एकदमच घेऊ. त्यानं पुण्यातल्या कुठल्याशा इंग्रजी गायकवृंदाचं नाव काढलं. मी म्हटलं, आमच्या नगरची कॅरल पार्टी बोलावू या, ढोलकीसकट. तो खूश झाला. पार्टीचे म्होरके बेंजामिन चक्रनारायण, एसटीतून निवृत्त झालेले, आत्याच्याच वयाचे. दोघं रविवारच्या शाळेत एका बाकावर शिकलेली. पण मी लहानपणापासून त्यांना एकमेकांशी बोलताना पाहिलं नव्हतं. मी काकांना फोनवर सांगितलं की एका म्हाताऱ्या बाईच्या दारात गायचं आहे. आत्याला सांगितलं की काही गाणारे येणार आहेत. दोन्ही खरंच होतं.

शनिवारी दुपारी गिरणी थांबली. आत्याला मी आधीच आतल्या खोलीत नेऊन बसवलं होतं. त्या खोलीचं दार चांगलं जाडजूड आणि काचेच्या बाजूला, त्यामुळे दारासमोर उभं राहिलेलं माणूस आतून दिसत नाही. अद्वैतची कल्पना अशी, की हेच दुर्गाबाईचं दार समजायचं. पार्टी बाहेर उभी राहून गाणार, आत्या आतून बोलणार. दार थोडं किलकिलं ठेवलं होतं, आवाज पोचावा म्हणून. काकांबरोबर सात-आठ जण आले होते, बायका सणाच्या साड्या नेसून आणि पुरुष कोट घालून. काका कोटावर ढोलकी अडकवून उभे राहिले आणि अद्वैतनं हात खाली करताच त्यांनी सुरुवात केली. गाणं त्यांचं स्वतःचं होतं, गव्हाणीतल्या बाळाला थंडी वाजते आणि मेंढपाळ आपली घोंगडी काढून देतो, असं काहीतरी.

काचेतून मला आत्या दिसत होती. ढोलकीच्या पहिल्या थापेला ती कागद चाळत होती. दुसऱ्या थापेला थांबली. तिसऱ्याला तिनं चष्मा काढला.

कागदावर तिचं वाक्य होतं, "कोण आहे? निघा इथून." ती म्हणाली,

"आता आलात होय? सापडलं का घर?"

अद्वैतनं मला कोपरानं ढोसलं. त्याचा चेहरा उजळला होता. नट मंडळींना जे जमलं नाही ते मेट्रनना एका दमात जमलं, असं त्याला वाटत होतं.

बाहेर ढोलकी अडखळली आणि बंद पडली. पाठोपाठ गाणंही विस्कळीत होऊन थांबलं.

"एस्तेर?" काका म्हणाले.

"एस्तेर कोण?" अद्वैत माझ्या कानाशी पुटपुटला. "पात्राचं नाव दुर्गाबाई आहे."

"चालू दे," मी म्हटलं.

"चाळीस माणसांच्या करंज्या तळल्या होत्या मी," आत्या दाराकडे बघत बोलत होती. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच ऐकवत नव्हता. "दिवसाची ड्यूटी करून आले आणि तळायला बसले. खोबरं किसून दिलं ते या जेमिमाच्या बापानं. नवी साडी नेसले. दार सताड उघडं टाकलं. ढोलकी पाटोळ्यांच्या अंगणापर्यंत आली. तिथे वाजली, थांबली आणि मागच्या मागे परत गेली. मी करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते, बेंजामिन."

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. वडलांनीही कधी सांगितलं नव्हतं. मी जन्मायच्या आधीची गोष्ट असणार.

"अगं, पाटोळ्यांनी शिरा केला होता," काका म्हणाले. "साजूक तुपातला. आग्रह करकरून वाढला. पोरं सुस्तावली, दोघांचे तर आवाज बसले. फक्त तुझं घर राहिलं होतं. मी म्हटलं, एस्तेर काय, आपलीच आहे. तिच्याकडे उद्या निवांत जाऊ. परक्याचं घर चुकलं तर तो राग धरेल. ती समजून घेईल."

"आणि उद्या?"

"उद्या चर्चची सजावट निघाली. राहूनच गेलं."

अद्वैतनं कागद उलटेपालटे करून पाहिले. यातलं एक अक्षरही त्याला सापडत नव्हतं. पण त्यानं रेकॉर्डिंग थांबवलं नाही, एवढी अक्कल त्याला होती.

"पुढच्या वर्षी आलो की मी," काका म्हणाले. "तुझ्या घरात अंधार. त्याच्या पुढच्या वर्षीही अंधार. दरवर्षी येतो मी तुझ्या दारापर्यंत, एस्तेर. अंधार बघतो आणि पुढे जातो. तुला नको आहे असं समजलो."

"अंधार होता तर दार वाजवायचं होतंस." इथे मात्र तिचा आवाज फुटला. "मी आतच बसलेली असायचे. दरवर्षी. एकदा तरी वाजवलंस का दार?"

काका ढोलकीच्या दोरीशी चाळा करत उभे राहिले. सणाची साडी नेसलेल्या बायका जमिनीकडे बघत होत्या. मला रडू येत होतं, आणि ही सगळी भानगड मीच जुळवून आणली होती. आत्या आता सरळ उठेल, पिशवी घेईल आणि नगरची गाडी धरेल, पुन्हा जन्मात माझ्याशी बोलणार नाही, अशी माझी खात्री पटत चालली होती.

मग काका पुढे झाले. त्यांनी ते किलकिलं दार आधी नीट ओढून लावून घेतलं. आणि वाजवलं.

आत आत्या दचकली. तीनदा टकटक झाली. आत्या उठून उभी राहिली, पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला. तीन भुतं बनवण्यात आमचं अख्खं वर्ष गेलं होतं आणि बाईला जागचं हलवलं ते काकांच्या बोटांनी. तिनं दार उघडलं. ती आणि काका एकमेकांसमोर उभे राहिले. दोघांचेही केस पांढरे झालेत हे दोघांनाही तिथेच कळल्यासारखं वाटलं.

"खाऊन आलात का?" आत्यानं विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "गाडीत काही खाल्लं नाही कुणी."

"मग गा आता. नीट गा. मघाशी दुसऱ्या ओळीला घसरलात."

ते गायले. आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि या वेळी ती ओठांत म्हणत नव्हती. तिचा आवाज चिरका होता, सुराला सोडून होता, आणि काकांनी ढोलकीची लय तिच्यासाठी हळू केली. अद्वैत माझ्याकडे न बघता नाक पुसत होता. बर्फ नाही म्हणून हळहळणारा हाच तो मुलगा.

गाणं संपलं. अद्वैत धावत आत गेला आणि हात जोडून म्हणाला की मेट्रन, कमाल झाली, असं कुणी कधी केलं नसेल. आता फक्त तेवढं एक वाक्य राहिलंय. आता तर समोर माणसं आहेत. एकदाच म्हणा, "नाताळच्या शुभेच्छा." गिरणी सुरू व्हायच्या आत.

आत्यानं त्याच्याकडे बघितलं, मग काकांकडे.

"बेंजामिन, या वर्षी आमच्या गल्लीत कधी येताय?"

"तेवीस तारखेला," काका म्हणाले. "तुझ्याकडे पहिल्यांदा येतो. सगळ्यांच्या आधी."

"पहिल्यांदा नको. पहिल्यांदा आलात की एक गाणं म्हणाल आणि पुढच्या घराची घाई कराल. शेवटीच या. पाटोळ्यांकडे बेतानं खा."

"मेट्रन, वाक्य," अद्वैत म्हणाला.

"ते तेवीस तारखेला," आत्या म्हणाली. "माझ्या दारात म्हणणार आहे मी ते. इथे माइकपुढे कशाला वाया घालवू?"

अद्वैतनं खूप विनवण्या केल्या. तेवढ्यात खाली गिरणी सुरू झाली आणि भिंती थरथरू लागल्या, तरी तो विनवतच होता. आत्या तोपर्यंत बाहेरच्या मंडळींना खुर्च्यांवर बसवून, माझ्या पर्समधून पैसे काढून, ऑफिसच्या पोरांकरवी वडापाव मागवत होती. काकांना तिनं दोन दिले.

गेम तसाच गेला. दुर्गाबाई दार उघडते, "खाऊन आलात का?" विचारते आणि गाणं सुरू होतं. परदेशी कंपनीनं पत्र पाठवून विचारलं, की शुभेच्छा कुठे आहेत. अद्वैतनं उत्तर पाठवलं की आमच्याकडे यालाच शुभेच्छा म्हणतात, आणि त्यांनी ते मानलं. गेम बरा चालला. आता ते फोनही राहिले नाहीत आणि तो कुणाला आठवतही नाही.

पण ते वाक्य त्यात कुठेच नाही. ते ऐकायला मला तेवीस तारखेला नगरला जावं लागलं. आत्यानं घरातले सगळे दिवे लावले होते.